‘आमच्याकडची पोरं उशिराच चालतात’ हे खरं आहे का? नागपूरसह पाच देशांतली मुलं एकाच मापाने मोजली, तेव्हा काय दिसलं

महिन्याच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे. ताई विचारतात, “आजी, नातू दीड वर्षाचा झाला, अजून एकटा उभा राहत नाही का?” आणि आजी सहज सांगून जातात, “अहो ताई, आमच्या घरात सगळेच उशिरा चालले. ह्याचा बाप तर दोन वर्षांचा झाला तेव्हा चालला. आमच्याकडची पोरं अशीच.”

आजींचं म्हणणं कधी कधी बरोबरही निघतं. प्रत्येक लेकराची चाल वेगळी असते. पण “आमच्याकडची पोरं अशीच” असं म्हणून विषय सोडून दिला आणि बाळाला खरोखर काही अडचण असली, तर महत्त्वाचे महिने हातचे जातात.

मग उशीर झाला हे ठरवायचं कसं? अंगणवाडीतला वाढीचा तक्ता कुणाच्या मुलांवरून बनला? परदेशातल्या मुलांचं माप आपल्या गावातल्या मुलांना लागू होतं का? या प्रश्नांची उत्तरं शोधायला अनेक देशांतल्या संशोधकांना एकत्र यावं लागलं. त्यात आपलं नागपूरही होतं.

मेंदूची घाई

मेंदूची वाढ बाळ जन्मायच्या कितीतरी आधी सुरू होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या आठवड्यात मिटते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात.

जन्मानंतर पहिल्या वर्षात मेंदूचा आकार जवळपास दुप्पट होतो. दोन वर्षांचं लेकरू होतं, तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. याच काळात मेंदूच्या पेशी एकमेकींशी झपाट्याने जोडल्या जातात. बाळाशी बोललं, खेळलं, त्याला जवळ घेतलं की या जोडण्या पक्क्या होतात. उपासमार, सततची आजारपणं, रक्त कमी असणं, आयोडीनची कमतरता यांनी त्या कच्च्या राहतात.

इथपर्यंत डॉक्टरांचं एकमत आहे. पुढचे प्रश्न अवघड आहेत. नेमकं काय कमी पडलं की काय बिघडतं, आणि कितपत बिघडतं?

पुणे एक सांगतं, म्हैसूर दुसरं

एकेकट्या अभ्यासाची अडचण कळायला आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. त्या बायकांना झालेली मुलं नऊ वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींची स्मरणशक्ती आणि लक्ष देण्याची क्षमता तपासली गेली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होतं, त्यांची मुलं काही चाचण्यांमध्ये मागे होती. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी म्हैसूरचा अभ्यास आला. तिथली मुलंही ९ ते १० वर्षांचीच होती. पण तिथे बी-१२ चा संबंध दिसला नाही. उलट आईच्या रक्तात फोलेट जास्त असलेल्या मुलांचे गुण चांगले आले. फोलेट म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जातीचंच जीवनसत्त्व.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण एकीकडे खेडी होती, दुसरीकडे शहर. आहार वेगळा होता, चाचण्याही एकसारख्या नव्हत्या. एकाने किलोत मोजायचं आणि दुसऱ्याने पायलीत, मग दोन्ही ढिगांची तुलना करायची, तशी ही गत. फरक मुलांमध्ये आहे की मापात, हे सांगता येत नाही.

म्हणून संशोधकांनी दुसरी वाट धरली. अनेक ठिकाणी अभ्यास करायचा, पण सगळीकडे माप एकच ठेवायचं.

सहा देश, एकच माप

या वाटेवरचं पहिलं मोठं काम जागतिक आरोग्य संघटनेने केलं. त्याआधी जगभर जो वाढीचा तक्ता चालायचा, तो मुख्यतः अमेरिकेतल्या मुलांच्या मापांवरून बनला होता. त्यातली बरीचशी मुलं बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांना तो नीट बसत नव्हता.

म्हणून १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत मिळून सुमारे ८,५०० मुलांची मापं घेतली गेली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. घरची परिस्थिती बरी, आई सिगारेट न ओढणारी आणि बाळाला अंगावर पाजणारी, अशीच कुटुंबं निवडली होती. बाळाला जे मिळायला हवं ते सगळं मिळालं, तर ते किती वाढतं, हे बघायचं होतं.

मापाच्या बाबतीत कडक शिस्त होती. काही मुलांकडे तर जन्मापासून दोन वर्षांपर्यंत २१ वेळा घरी जाऊन माप घेतलं गेलं. प्रत्येक वेळी दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दोघांच्या वजनात १०० ग्रॅमपेक्षा किंवा लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर पुन्हा मोजायचं. ओस्लोतही हाच नियम आणि दिल्लीतही हाच.

दिसलं ते असं. लांबीच्या बाबतीत मुलामुलांत जो एकूण फरक होता, त्यातला जेमतेम ३ टक्के फरक ठिकाण बदलल्यामुळे होता. दिल्लीचं सुपोषित बाळ आणि नॉर्वेचं सुपोषित बाळ जवळपास सारखंच वाढत होतं. २००६ मध्ये या मापांवरून नवा तक्ता जाहीर झाला. आज आपल्या अंगणवाडीत हिरव्या, पिवळ्या आणि नारिंगी रंगात दिसणारा तक्ता त्यावरच आधारलेला आहे.

मग मेंदूचं काय? इथे नागपूर येतं

वजन आणि लांबी मोजायला काटा आहे, फळी आहे. समज, भाषा, वागणूक हे कशाने मोजणार? आणि केनियातल्या आणि इटलीतल्या मुलाला एकच प्रश्न कसा विचारणार?

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने जुळणी केलेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पाने हे काम हाती घेतलं. २००९ पासून आठ देशांतल्या आठ ठिकाणी निरोगी गरोदर बायकांची नोंदणी झाली. भारतातलं ठिकाण होतं नागपूर. तिथल्या केतकर रुग्णालयातून डॉ. मनोरमा पुरवार यांनी या कामाचं नेतृत्व केलं.

सुरुवात पोटातल्या बाळापासून झाली. दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी व्हायची. सगळीकडे एकाच मॉडेलचं मशीन होतं. बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड प्रत्येकी तीनदा मोजायचं, आणि मोजताना आकडा पडद्यावर दिसू द्यायचा नाही. आकडा दिसला की माणूस नकळत ‘बरोबर’ आकड्याकडे झुकतो, म्हणून ही काळजी. काही चित्रं ऑक्सफर्डला पुन्हा मोजली जायची.

ही मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांच्या मेंदूच्या विकासाची तपासणी झाली. ती ब्राझील, भारत, इटली, केनिया आणि इंग्लंड या पाच देशांत मिळून १,३०७ मुलांची झाली. त्यासाठी ३७ मुद्द्यांची खास चाचणी तयार केली होती. तिला साधारण १५ मिनिटं लागतात. बाळासमोर खेळणी ठेवायची, ते काय करतं बघायचं, सांगितलेलं त्याला समजतं का, किती शब्द बोलतं, हाताने बारीक वस्तू कशी धरतं, अनोळखी माणसाशी कसं वागतं, याची नोंद करायची. ही चाचणी घ्यायला मेंदूचा डॉक्टरच लागतो असं नाही. नीट शिकवलेला कार्यकर्ताही ती घेऊ शकतो. मुलांची नजरही तपासली, आणि ती कधी बसली, कधी चालली याचीही नोंद घेतली.

काय दिसलं?

२०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १६ बाबींपैकी १४ बाबींत, मुलामुलांतल्या एकूण फरकात ठिकाणाचा वाटा १.३ ते ९.२ टक्के एवढाच निघाला. समजुतीच्या बाबतीत तो सर्वात कमी, १.३ टक्के होता. वागणुकीच्या बाबतीत सर्वात जास्त, ९.२ टक्के.

सोप्या भाषेत सांगायचं तर, मुलांच्या समजुतीतला सगळा फरक एक रुपया धरला, तर देश बदलल्याने पडणारा फरक दीड पैशाचाही नाही. बाकीचा फरक त्याच शहरातल्या एका मुलात आणि दुसऱ्या मुलात होता.

म्हणजे नागपूरचं बाळ आणि इटलीतल्या तुरिनचं बाळ, दोघांची आई निरोगी असली, पोटभर आणि चांगलं खायला मिळालं, तब्येतीची काळजी घेतली गेली, तर दोघं साधारण एकाच वयात आणि एकाच क्रमाने उभी राहतात, बोलतात, समजू लागतात. ‘आमच्या भागातली पोरं मुळातच मंद’ या समजुतीला या मापात काही आधार सापडत नाही.

निकालाचा अर्थ किती काढायचा?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या अभ्यासातल्या आया शिकलेल्या होत्या आणि शहरात, बऱ्या परिस्थितीत राहणाऱ्या होत्या. त्यामुळे मेळघाटातल्या, नंदुरबारच्या डोंगरातल्या किंवा ऊसतोडीच्या फडावर राहणाऱ्या मुलांची आज काय स्थिती आहे, हे हा अभ्यास सांगत नाही. सगळं जागेवर असेल तर मूल कुठवर पोहोचू शकतं, एवढंच तो सांगतो.

पण जाब विचारायला एवढंही पुरेसं आहे. एखाद्या पाड्यावरची बरीच मुलं त्या मापाच्या मागे राहत असतील, तर कारण त्यांच्या रक्तात किंवा जातीत शोधायचं नाही. आधी ताटात, पाण्यात, आईच्या तब्येतीत आणि गावातल्या सोयींत शोधायचं. अंगणवाडीचा आहार वेळेवर येतो का, गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायचे आहेत.

मागे पडलेलं मूल पुढे येऊ शकतं का?

याचं चांगलं उत्तर जमैका या छोट्या देशातून मिळालं. १९८० च्या दशकात राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिने वयाची १२९ मुलं निवडली गेली. कुपोषणामुळे सगळ्यांची उंची खुंटलेली होती. त्यांचे चार गट केले. एकाला पोषण आहार, दुसऱ्याला खेळ आणि गप्पा, तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटाला यातलं काहीच नव्हतं, तो फक्त तुलनेसाठी होता.

खेळाच्या गटांसाठी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा, तासभर घरी जायची. टाकाऊ वस्तूंपासून घरीच केलेली खेळणी घेऊन आईला दाखवायची, की बाळाशी कसं खेळायचं, काय बोलायचं. हे दोन वर्षं चाललं.

ही मुलं २२ वर्षांची झाली, तेव्हा संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं. लहानपणी खेळ मिळालेल्यांची कमाई, तो न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. पुढे हीच पद्धत बांगलादेश, कोलंबिया आणि आपल्या ओडिशातही नेऊन तपासली गेली.

कार्यकर्तीने आईला शिकवावं आणि आईने रोज बाळाशी खेळावं, एवढ्यावर हे सगळं चाललं होतं. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला आहे. त्यातला भरही अशाच घरगुती खेळांवर आहे.

हे तपासून बघा

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांवरून काढलेले हे महिने. जवळपास सगळी निरोगी मुलं या दोन टोकांच्या मधे ती गोष्ट करू लागतात.

- आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने
- आधाराने उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने
- हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने
- धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने
- एकटं उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने
- एकटं चालणं: ८.२ ते १७.६ महिने

अंतर किती मोठं आहे बघा. शेजारणीचं बाळ नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर घाबरायचं कारण नाही. काही निरोगी मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. पण वरचं टोक ओलांडलं, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. आजींचा नातू दीड वर्षाचा आहे आणि एकटा उभा राहत नाही, म्हणजे त्याची तपासणी व्हायलाच हवी. घरात सगळेच उशिरा चालले असले, तरीही.

या गोष्टी दिसल्या तरी लगेच दाखवा:

- सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नाही
- दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही
- दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही
- आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरलं, बोलायचं किंवा हसायचं थांबलं

दाखवायचं कुठे?

पहिलं ठिकाण गावातच आहे, आशाताई आणि अंगणवाडीताई. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झालं की आशाताईने घरी येऊन बघायचं असतं. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात काय यायला हवं, याची चित्रं आहेत. ते कार्ड ट्रंकेत ठेवू नका, बाहेर काढून बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मजुरी बुडते म्हणून बाळाला घरी ठेवू नका. पथकाला काही शंका आली, तर पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बोलायला उशीर होतोय असं वाटलं, तर आधी कान तपासून घ्या. ऐकूच आलं नाही, तर बाळ बोलणार कुठून?

घरी करायचं काम बिनखर्चाचं आहे. भाकरी थापताना बाळाशी बोला. वाटी-चमचा वाजवू द्या. डब्यात खडे घालून झाकण पक्कं लावा आणि खुळखुळा करून द्या. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करा. मीठ आयोडीनचंच घ्या. आणि हो, बाळ रडलं की हातात मोबाईल देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात दाखवू नये आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उद्या तुमच्या दारात कुणी अभ्यासाला आलं तर?

असे अभ्यास पुढेही होत राहतील आणि त्यात गावंही असतील. तेव्हा हे लक्षात ठेवा. अभ्यास कशासाठी आहे, बाळाला काय करणार, रक्त घेणार का, हे मराठीत समजावून सांगणं ही त्यांची जबाबदारी आहे. नीतिविषयक समितीची परवानगी आहे का, विचारा. समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. नको वाटलं तर नाही म्हणता येतं, मधेच सोडताही येतं. त्यामुळे दवाखान्यातला उपचार कुणी बंद करू शकत नाही. अभ्यासासाठी कुणी पैसे किंवा मोबाईलवरचा ओटीपी मागितला, तर सरळ दारातून परत पाठवा.

आणि सगळं नीट समजून होकार दिला असेल, तर शक्यतो शेवटपर्यंत साथ द्या. दोन वर्षांनी घराला कुलूप दिसलं की ते बाळ मोजणीतून सुटतं. बहुतेक वेळा सुटतात ती कामासाठी गाव सोडून गेलेल्या घरांची बाळं. मग तक्ता उरलेल्यांचाच बनतो.

अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता दुसऱ्या कुणाच्या मुलांचा नाही. पुढच्या वजनाच्या दिवशी ताईंना विचारा, “आमचं बाळ यात कुठे आहे?” आणि कार्डावर तशी नोंद करून घ्या.